पिस्तुलाची मूठ खरंच हस्तिदंती आहे का, आणि किती जुनी? घरच्या घरी कसं तपासावं

खंडेनवमीला कोल्हापूरच्या जुन्या घरांतल्या पेट्या उघडतात. तलवारी, पट्टे, कट्यारी, विटे बाहेर येतात, तेलाचा बोळा फिरतो, हळद-कुंकू वाहिलं जातं, झेंडू पडतो. मोजक्या घरांत त्या रांगेत एखादं ठासणीचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरही असतं. त्याची मूठ पिवळसर पांढरी असली की घरातलं वडीलधारं माणूस हमखास सांगतं, “हस्तिदंत हाय त्यो. म्हाराजांच्या येळचा.”

हे गावच असं आहे की ते पटतं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथे हत्तींची साठमारी चालायची, त्या जागेला आजही साठमारीच म्हणतात. नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शिकारीची आणि शस्त्रांची दालनं बघत आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे पांढरी मूठ दिसली की हस्तिदंत, आणि पिवळी दिसली की शंभर वर्षांचा, असं आपण धरूनच चालतो. यातली दुसरी समजूत जास्त नुकसान करते, म्हणून तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

गेल्या वर्षी मंगळवार पेठेतल्या ओळखीच्या घरातला मुलगा माझ्याकडे आला. श्रावणात त्याचे वडील गेले होते. घरात परवान्याचं एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं. वडील गेल्यावर ते त्याने नियमाप्रमाणे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केलं होतं. “काका, हे १८५७ चं आहे. चिमासाहेब महाराजांच्या उठावातलं. मूठ हस्तिदंती. एकदा बघाल का?” आम्ही दोघं त्या दुकानात गेलो. तिथे जे केलं, तेच क्रमाने सांगतो.

आधी नळी, मग मूठ

मुठीकडे वळण्याआधी शस्त्र रिकामं असल्याची खात्री करा. जुनं आहे म्हणून ते निकामी झालं असं मानू नका. ठासणीच्या पिस्तुलात कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेली दारू कोरडी राहिली असेल तर शंभर वर्षांनीही पेटते. एक सरळ लाकडी काडी नळीत तळापर्यंत घाला आणि तोंडापाशी खूण करा. मग काडी बाहेर काढून नळीच्या अंगाला लावून धरा. तिचं टोक ठिणगी आत जाते त्या छिद्राच्या आसपास पोचायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच राहिलं, तर आत काहीतरी अडकलेलं आहे. मग तिथेच थांबा आणि ते परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा कारागिराच्या हाती द्या. हे सगळं करताना नळीचं तोंड कुणाकडेही नको, स्वतःकडेही नको. रिव्हॉल्व्हर असेल तर ते उघडून काडतुसाचं प्रत्येक घर रिकामं आहे का, हे जाणकाराकडूनच बघून घ्या.

दुसरी गोष्ट, मूठ धुऊ नका. पितळेची भांडी चिंचेने उजळतात म्हणून मुठीलाही चिंच लावणारी घरं मी पाहिली आहेत. चिंचेतलं आम्ल हस्तिदंताचा वरचा थर खातं. ज्या खुणांवरून वय काढायचं, त्याच त्या घासण्यात निघून जातात. कोरड्या मऊ सुती फडक्याने धूळ टिपा, तेवढं पुरे.

हस्तिदंत, हाड की आणखी काही

साहित्य साधं लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग (गुजरीतले सराफ डोळ्याला लावतात तसलं), एक टॉर्च आणि नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा. दिवा ३६५ नॅनोमीटरचा मिळाला तर उत्तम.

मुठीच्या पसरट बाजूवर बघू नका. सगळे तिथेच बघतात आणि फसतात. मूठ खाली जिथे संपते, तो बूड बघा. मुठीसाठी दात सहसा उभ्या अंगाने कापलेला असतो, त्यामुळे त्याचा आडवा छेद फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला दिसतो. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी असते, गोधडीच्या तिरक्या टाक्यांसारखी. १८०० साली श्रेगर नावाच्या जर्मन अभ्यासकाने तिचं वर्णन केलं, म्हणून त्या श्रेगरच्या रेषा. ही जाळी हत्ती आणि मॅमथ सोडून इतर कुठल्या दातात अशी दिसत नाही, आणि छापूनही जमत नाही. टॉर्च तिरपा धरून बूड हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात ती उमटते आणि पुन्हा नाहीशी होते. पहिल्यांदा दिसते तेव्हा अंगावर काटा येतो.

या रेषा एकमेकींना किती अंशात छेदतात यावरून आणखी एक गोष्ट कळते. दाताच्या बाहेरच्या थरातला हा कोन हत्तीमध्ये ११५ अंशांहून जास्त भरतो, तर नामशेष झालेल्या मॅमथमध्ये ९० हून कमी. मधल्या कोनांवर काही ठरवू नये. मोबाइलने जवळून फोटो काढा, मोठा करा, कोनमापक ठेवा आणि एका जागेवर न विसंबता पाच-सहा जागी मोजा. मॅमथचे दात सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून निघतात आणि परदेशात आज त्यांच्या नव्या मुठी सर्रास बनतात. म्हणून मुठीत मॅमथ निघाला तर ती मूठ नंतर बसवलेली असण्याची शक्यता जास्त. हत्ती आशियाई की आफ्रिकी, हे मात्र डोळ्यांनी सांगता येत नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हाडाची ओळख सोपी आहे. हाडात रक्त वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. हाड आडवं कापलं की त्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि उभं कापलं की तुटक काळसर रेघांसारख्या. वर्षानुवर्षं त्यांत मळ साचतो, त्यामुळे जुन्या हाडात त्या भिंगाशिवायही कळतात. तलवारीच्या कब्जावर किंवा बंदुकीच्या दस्त्यावर जडवलेले जे पांढरे तुकडे आपण हस्तिदंत म्हणून दाखवतो, त्यांत हाडच पुष्कळदा असतं. सांबरशिंगाची बाहेरची बाजू खडबडीत, सालीसारखी असते आणि आतला गाभा स्पंजासारखा भुसभुशीत. मुघली खंजिरांच्या मुठींना वापरलेली शेरमाही, म्हणजे वॉलरसचा सुळा, आत चुरमुऱ्यांसारखा दाणेदार दिसतो.

राहिलं सेल्युलॉइड. अमेरिकेत १८७० च्या सुमाराला जॉन वेस्ली हायट याने ते बाजारात आणलं. त्याला बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताऐवजी दुसऱ्या कशाचे तरी करायचे होते. पुढे त्यात हस्तिदंतासारख्या रेघाही घालू लागले, पण त्या शाळेच्या दुरेघी वहीसारख्या सरळ आणि सारख्या अंतरावर असतात आणि बुडाला जाळी नसते. अंगठ्याने जोरात पाचपन्नास वेळा घासा आणि लगेच नाकाशी न्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. आरतीच्या कापराची सवय असलेल्या आपल्या नाकाला ते चटकन कळतं.

तापवलेली सुई टोचून बघायचा सल्ला पुष्कळजण देतात. तो मानू नका. खऱ्या हस्तिदंतावर कायमचा डाग पडतो, आणि सेल्युलॉइड असेल तर ते भडकन पेटतं. याच कारणासाठी खंडेनवमीला अशी मूठ समई-निरांजनाच्या जवळ मांडू नये.

पिवळेपणा म्हणजे वय नव्हे

हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात पांढरा राहतो. म्हणजे काचेच्या कपाटात ऐंशी वर्षं उजेडात राहिलेली मूठ पांढरीफेक असू शकते, आणि ट्रंकेत गुंडाळून ठेवलेली तिच्याहून नवी मूठ मधासारखी पिवळी. हाताचा घाम आणि तेल यांनीही रंग चढतो, पण तो जिथे हात पडतो तिथेच. खऱ्या वापराचा रंग असा असमान असतो. तळव्याकडच्या फुगवट्यावर गडद आणि गुळगुळीत, चापाच्या मागच्या खोबणीत वेगळा, आणि धातूला टेकलेल्या आतल्या बाजूला फिका. चहा-कॉफीत बुडवून पिवळी केलेली मूठ सगळीकडे एकसारखी पिवळी असते. रंग खोलगट जागी साचतो आणि स्क्रूच्या भोकाच्या आतही उतरलेला दिसतो, जिथे कुणाचा हात कधी पोचत नाही.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडते, ती हळदीची. दर नवमीला मुठीवर हळद-कुंकू वाहिलं जातं आणि हळदीचा पिवळा रंग हस्तिदंतात मुरतो. दिवसाच्या उजेडात तो जुन्या पिवळेपणासारखाच दिसतो. इथे जांभळा दिवा कामी येतो. खोलीत अंधार करून दिवा लावला की स्वच्छ हस्तिदंत निळसर पांढरा चमकतो (हाडही तसंच चमकतं, त्यामुळे या दोघांतला फरक दिव्याने करू नका). वयाने पिवळा झालेला थर मंद, पिवळट दिसतो. हळद मात्र लख्ख हिरवट पिवळी पेटून उठते. ती वापराचा माग काढत नाही, तर बोटाने टिळा लावल्यासारखी ठिपक्याठिपक्यांत असते. अलीकडे कुणी डिंकासारखा चिकट रासायनिक गोंद भरून तडे बुजवले असतील, तर तेही त्या प्रकाशात उठून दिसतात.

कुंकू उलट मदत करतं. हस्तिदंताचे जुने तडे दाताच्या तंतूंच्या दिशेने उभे जातात, सावकाश पडतात, आणि त्यांच्या कडा हाताळून बोथट होतात. अशा तड्यात भिंगातून खोलवर कुंकवाची लाली, तेल आणि मळ यांचे थर दिसले, तर तडा कित्येक नवम्या पाहिलेला आहे. कडा धारदार, आत पांढरं स्वच्छ आणि वर फक्त काळी रेघ ओढल्यासारखी असेल, तर ती शाईची करामत समजा. माझा सगळ्यात जास्त भरवसा या कुंकवावर आहे.

मूठ उघडून आत बघणं

इथून पुढचं काम कारागिराने करावं. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारं पान लागतं. चुकीच्या पेचकसाने खाच चेपते, आणि हस्तिदंत त्या भोकापाशीच तडकतो. खाच आधीच चेपलेली असेल तर तीही एक नोंद, म्हणजे मूठ पूर्वी कुणीतरी उघडली आहे. स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचा.

आमच्या रिव्हॉल्व्हरला दोन्ही बाजूंना एकेक फळी होती, मध्ये एक स्क्रू. विक्रेत्याने त्या सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवल्या आणि मुलाच्या तोंडून निघून गेलं, “ह्या दोन एकसारख्या नाहीत!”

डाव्या फळीच्या बुडाला जाळी स्पष्ट होती. उभ्या दोन तड्यांत कुंकू मुरलेलं होतं. आतल्या बाजूला हाताच्या कानशीच्या, कमीजास्त खोल तिरक्या रेघा, आणि टोकदार हत्याराने ओरखडून काढलेला चार आकडी क्रमांक होता. तोच क्रमांक सांगाड्यावर होता. कारागीर मूठ एकेका शस्त्राला घासून बसवायचे आणि अदलाबदल होऊ नये म्हणून आत क्रमांक टाकायचे, त्यामुळे जुळणारा क्रमांक ही मोठी साक्ष आहे. फळी कडेला धातूपेक्षा किंचित आत होती, बोट फिरवलं की धातूची कड लागायची. हस्तिदंत वर्षांनुवर्षं वाळत तंतूंच्या आडव्या दिशेने आकसतो, त्यामुळे जुन्या मुठीत असं होणारच. जुन्या सांगाड्यावर कडेला कड तंतोतंत भिडलेली मूठ दिसली तर मीच आधी संशय घेतो. यंत्राच्या फिरत्या पात्याचे एकसारखे, गोल बुडाचे चरे आत दिसले तरी काम अलीकडचं.

उजव्या फळीला क्रमांक नव्हता. बुडाला जाळी नव्हती, अंगावर दुरेघी वहीच्या रेघा होत्या, आणि घासल्यावर कापूर. तिच्याखालचा लोखंडी सांगाडा गंजाने खडबडीत झाला होता, तर डाव्या बाजूचा जवळपास स्वच्छ. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचा धातू खाते. कधीतरी उजवी फळी फुटली असणार आणि कुणीतरी जुळती दिसेल अशी दुसरी बसवली असणार.

धातू काय सांगतो

मूठ आणि पिस्तूल यांचं वय वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे काढा. शस्त्राचा प्रकार ढोबळ काळ सांगतो. चकमकीची पिस्तुलं सतराव्या शतकापासून १८४० च्या आसपासपर्यंत चालली. स्फोटक भरलेल्या धातूच्या छोट्या टोपीवर घोडा पडून बार उडणारी १८२० च्या दशकापासून पसरली. कोल्टने फिरत्या दंडगोलाच्या पिस्तुलाचं पेटंट अमेरिकेत १८३६ साली घेतलं, आणि धातूच्या काडतुसाचं स्मिथ अँड वेसनचं पहिलं रिव्हॉल्व्हर १८५७ चं. नळीवरचे चाचणीचे शिक्के याहून नेमके बोलतात. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीघरांत नळी जास्त दारूने तपासून शिक्का मारत. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. मुकुटाखाली ‘बीएनपी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर ती चाचणी १९५४ किंवा त्यानंतरची. संस्थानी मंडळींकडे ब्रिटिश शस्त्रांइतकीच बेल्जियममधल्या लिएज शहराची स्वस्त खिशातली रिव्हॉल्व्हरंही यायची. त्यांवर अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ अक्षरं असतात, आणि १८९३ पासून त्या चौकटीवर मुकुट आला.

आमच्या रिव्हॉल्व्हरच्या दंडगोलावर तीच चौकट होती, वर मुकुटासह.

म्हणजे १८५७ गेलं. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याला आठवलं की पणजोबा दरबारात चाकरीला होते, शाहू महाराजांच्या काळात. महाराज १८९४ ला गादीवर आले, १९२२ ला गेले. घरातली ही दुसरी, कमी सांगितली जाणारी गोष्ट शिक्क्याशी चोख जुळत होती. मला तर ती पहिलीपेक्षा मोलाची वाटते, कारण तिला धातूची साक्ष आहे.

प्रयोगशाळा कधी

अणुचाचण्यांमुळे १९५० च्या दशकापासून हवेतलं किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढलं आणि १९६३ च्या सुमाराला शिगेला पोचलं. त्यानंतर वाढलेल्या दातात ती वाढ उतरते, आधीच्या दातात ती नसते. म्हणून कार्बन चाचणी हत्ती त्या काळाआधीचा की नंतरचा, हे खात्रीने सांगते. पण ती हत्तीचं वय सांगते, मूठ कधी कोरली ते नाही. जुना दात आणून काल कोरलेली मूठ या चाचणीत जुनीच ठरेल. चाचणीसाठी थोडा हस्तिदंत खरवडून नष्टही करावा लागतो. खटला किंवा संग्रहालयाचा प्रश्न नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

कागद

हा भाग रुक्ष आहे, पण चुकवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या दुरुस्तीने बंद झाला, आणि आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचा १९९१ च्या. मूठ कितीही जुनी असो, ती विकता येत नाही, विकतही घेता येत नाही. “अँटिक आहे, चालतं” असं म्हणणारा दलाल तुम्हाला गोत्यात आणेल. वारशाने मिळालेली वस्तू ठेवता येते, पण वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ती जाहीर करावी लागते. शस्त्रासाठी १९५९ चा शस्त्र कायदा वेगळा. जुन्या नमुन्याचं आणि दुरुस्त करूनही वापरता न येणारं हत्यार त्याच्या कलम ४५ मध्ये सवलतीत बसतं, चालू स्थितीतल्या रिव्हॉल्व्हरला परवाना हवाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला परवान्यावर दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात, वारशाची धरून. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

तोवर मूठ सांभाळायची ती अशी. सुती कापडात सैल गुंडाळा, प्लास्टिकची पिशवी नको, कोल्हापूरच्या पावसाळ्यात आत घाम धरतो. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाचा डाग जात नाही. दिवाणखान्यातल्या खिडकीसमोरही नको, उन्हाने वाळून तडे वाढतात. पूजेला कुंकू धातूवर लावा, मुठीवर फूल ठेवा. सेल्युलॉइडची फळी शस्त्रापासून सोडवून वेगळी ठेवली तर उरलेला धातू वाचेल.

मुलाच्या घरी ट्रंकेत वडिलांचं मालकीचं प्रमाणपत्र सापडलं. २००३ साली सरकारने न नोंदवलेल्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा त्यांनी अर्ज केला होता. त्यावर लिहिलं होतं, रिव्हॉल्व्हरच्या हस्तिदंती मुठीच्या फळ्या, २ नग. वडील गेल्याला तेव्हा दोन महिने होत आले होते. पुढच्या सोमवारी तो वन कार्यालयात गेला. सोबत दोन्ही फळ्यांच्या बुडाचे मोठे करून काढलेले फोटो होते, आणि वारसाच्या अर्जात त्याने लिहिलं होतं की हस्तिदंती फळी एकच, डावी.